लोटसचा बोगदा आणि ब्रॅबहॅमचा पंखा

जुन्या फॉर्म्युला वनच्या गप्पांत १९७८ साल निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लोटसने ग्राउंड इफेक्ट आणला आणि ब्रॅबहॅमने त्यालाच पंखा लावला.’ लोटस आणि ब्रॅबहॅम हे शर्यतीतले दोन संघ, आणि ग्राउंड इफेक्ट म्हणजे पोटाखालच्या हवेच्या जोरावर गाडी रस्त्याला चिकटवणं. वाक्याचा पहिला भाग तसा चालून जाईल, फक्त ती कल्पना घेऊन लोटस ७८ ही गाडी १९७७ मध्येच शर्यतीत उतरली होती. खुपतो तो दुसरा भाग. ब्रॅबहॅमची पंखा लावलेली गाडी, बीटी४६बी, ही लोटसच्या १९७८ मधल्या गाडीची, म्हणजे लोटस ७९ ची, सुधारित आवृत्ती नव्हती. पोटाखालच्या हवेचा दाब कमी करून रस्त्याला चिकटायचं, एवढंच दोघींत साम्य. तो दाब कमी करण्याच्या रीती एकमेकींच्या अगदी उलट होत्या.

मागचे-पुढचे पंख कसे काम करतात ते तुम्हाला माहीतच आहे. विमानाचा पंख उलटा बसवला की तो गाडीला उचलण्याऐवजी दाबतो. पंख जितका तिरपा तितकी पकड जास्त, पण हवेचा विरोधही वाढतो आणि सरळ पट्ट्यावर वेग मार खातो. म्हणून सगळ्यांचं लक्ष गाडीच्या पोटाकडे गेलं. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन असतो. पोटाखालच्या २ चौरस मीटर जागेत तो नुसता एक टक्क्याने घटवला, तरी गाडीवर जवळपास २०० किलोचा भार येतो आणि गाडीचं स्वतःचं वजन एक ग्रॅमही वाढत नाही.

आता मुख्य मुद्दा. लोटसला पोटाखालून हवा वाहायला हवी होती. ब्रॅबहॅमला तिथे हवा शिरायलाच नको होती.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनच्या चमूने, त्यातही पीटर राइट आणि टोनी रड यांनी, लोटसच्या दोन्ही बाजूंच्या साइडपॉडखाली, म्हणजे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांखाली, लांब बोगदे केले. पुढे तोंड रुंद, मध्ये छत खाली उतरलेलं, मागे पुन्हा हळूहळू वर गेलेलं. खिंड अरुंद झाली की वारा जोर धरतो, तशी हवा त्या गळ्यात वेग घेते आणि वेग वाढला की तिचा दाब उतरतो. बाजूंना रस्त्याला टेकणारे, वरखाली सरकणारे स्कर्ट, म्हणजे उभे पडदे, होते. त्यांचं काम एकच, बाहेरची जास्त दाबाची हवा बाजूने आत घुसू न देणं. पुढचं आणि मागचं तोंड मात्र सताड उघडं, कारण वाहणं हाच त्या यंत्रणेचा जीव.

ब्रॅबहॅमचा रचनाकार गॉर्डन मरेला असे बोगदे करायला जागाच नव्हती. त्याच्या ब्रॅबहॅममध्ये अल्फा रोमिओचं आडवं १२ सिलिंडरचं इंजिन होतं. जिथे बोगदा वर चढायला हवा, नेमकी तीच जागा या रुंद इंजिनाने अडवली होती. लोटसचं कॉसवर्थ व्ही८ इंजिन अरुंद असल्यामुळे तिला ही अडचण नव्हती. म्हणून मरेने दुसरीच वाट धरली. त्याने इंजिनाखालची जागा स्कर्टने चारही बाजूंनी बंदिस्त केली, पुढून आडवा पडदासुद्धा लावला, आणि मागे गियरबॉक्सवरून फिरणारा मोठा पंखा बसवला. फटींतून जेवढी हवा आत गळते तिच्यापेक्षा जास्त हवा पंखा बाहेर काढतो, म्हणून आतला दाब खालीच राहतो.

दोघींच्याही अंगावर स्कर्ट दिसतात आणि तिथेच लोक फसतात. मनातल्या मनात लोटसच्या बोगद्याचं पुढचं तोंड बंद करून बघा, डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा भार, गेला. ब्रॅबहॅमचा पुढचा पडदा काढून बघा, तिचाही गेला. एकीला जे मारतं त्याच्यावर दुसरी जगते. अशा दोन यंत्रणांना एकाच नावाने हाक मारणं मला पटत नाही.

याचे परिणाम थेट शर्यतीत दिसतात. बोगद्यातला दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २४० किलोमीटरच्या वेगाला जो भार मिळतो त्याचा ८० च्या वेगाला फक्त नववा हिस्सा उरतो. म्हणजे लांब, वेगवान वळणावर लोटस ७९ अजिंक्य, पण संथ वळणावर ती बरीचशी साध्या गाडीसारखीच. लोटसचा ड्रायव्हर मारिओ आंद्रेत्ती त्या वर्षी विश्वविजेता झाला तो वेगवान वळणांवरच्या या पकडीच्या जोरावर.

पंख्याला गाडीच्या वेगाशी देणंघेणं नाही. तो इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. खालच्या गियरमध्ये, संथ वळणावर इंजिन चढं ठेवलं की ओढ पूर्ण. बीटी४६बी जागेवर उभी असताना कुणी अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ती खाली बसायची. उभी लोटस असं कधीच करू शकत नाही, आणि फरक पटवायला मला याहून चांगला पुरावा माहीत नाही. १७ जून १९७८ ला स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पच्या शर्यतीत पिरोनी या ड्रायव्हरच्या गाडीतून ट्रॅकवर तेल सांडलं. जिथे बाकीच्यांना जपून जावं लागत होतं तिथे निकी लाउडाची ब्रॅबहॅम रुळांवरून गेल्यासारखी गेली. त्याने आंद्रेत्तीला मागे टाकलं आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या पात्रेसेपेक्षा ३४ सेकंदांहून जास्त आधी शर्यत संपवली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पंखा गाडीला मागून ढकलत नव्हता. तो फिरवायला उलट इंजिनाचीच ताकद खर्च व्हायची. ‘पंखा फक्त इंजिन थंड ठेवायला होता’ हेही नको. हलत्या वायुगतिकीय भागांवर बंदी होती म्हणून रेडिएटर इंजिनावर आडवा ठेवला आणि पंख्याचं मुख्य काम तेच, असा संघाने दावा केला. तो नियमातून काढलेला मार्ग होता, हेतू नव्हे. पण याला फसवणूक म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. लोटसचे स्कर्टसुद्धा हलतेच होते आणि ते आणखी दोन हंगाम राजरोस चालले. अँडरस्टॉर्पचा विजय कायम राहिला. इतर संघमालक खवळल्यावर ब्रॅबहॅमचा मालक बर्नी एक्लस्टनने गाडी स्वतःहून मागे घेतली आणि त्यानंतर पंख्याची वाट नियमांनी बंद झाली.

आणि कृपा करून पंख्याचा शोध ब्रॅबहॅमच्या नावावर लिहू नका. अमेरिकेत जिम हॉलची चॅपरल २जे १९७० मध्येच कॅन-अॅम या शर्यतींच्या मालिकेत धावली होती, मागे दोन पंखे घेऊन. ते फिरवायला वेगळं दोन सिलिंडरचं स्नोमोबाइलचं इंजिन होतं. त्यामुळे मुख्य इंजिनाच्या फेऱ्या कितीही उतरल्या तरी ओढ तशीच राहायची. रचना म्हणून मला ती ब्रॅबहॅमपेक्षा जास्त शुद्ध वाटते. ती एकही शर्यत जिंकली नाही आणि त्याच हंगामानंतर तिच्यावर बंदी आली, म्हणून तिचं नाव मागे पडलं. हा तिच्यावर अन्याय आहे.

वाहत्या हवेवर जगणाऱ्या गाडीला जडणारा रोगही तिचा खास आहे. गाडी फार खाली दबली की गळा चोंदतो, प्रवाह तुटतो, भार जातो, गाडी वर उठते, प्रवाह पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा खाली. १९७९ ची लोटस ८० याच उसळण्याने हैराण झाली. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनने बोगदे परत आणले तेव्हा मर्सिडीजचे ड्रायव्हर सरळ पट्ट्यावर तसेच हादरत होते.

आजच्या गाड्यांतही हीच सरमिसळ चालते. मॅकमर्ट्री स्पीयरलिंग ही विजेवरची छोटी गाडी २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवुडच्या शर्यतीची चढण ३९.०८ सेकंदांत चढली. ती खरी चॅपरलची वारस, स्कर्ट आणि पंख्याने उभ्या जागी ओढ निर्माण करणारी. मरेने स्वतः घडवलेल्या टी.५० या रस्त्यावरच्या गाडीला मागे ४०० मिलिमीटरचा पंखा आहे, म्हणून तिला ‘बीटी४६बीची नात’ म्हणतात. पण तिला बंदिस्त करणारे स्कर्ट नाहीत. तिचा पंखा पोटाखालच्या चढत्या पृष्ठभागाला चिकटलेली मंद हवा खेचून घेतो, म्हणजे मुख्य प्रवाह त्या उभ्या चढावरही सुटत नाही. पंखा असूनही टी.५० लोटसच्याच घराण्यातली आहे.