कोकणातली मुलं पदवी अर्ध्यावर का सोडतात : पार्श्वभूमी

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ साली वेगळा झाल्यापासून राज्यात अव्वल ठरत आला आहे. त्यातली किती मुलं तिसऱ्या वर्षाच्या वर्गापर्यंत पोचतात, याची चर्चा क्वचितच होते. रत्नागिरीत १९४५पासून महाविद्यालय आहे. शाळा संपली की मुंबई गाठायची ही रीत त्याहून जुनी.

आजच्या घोळाची सुरुवात २०११-१२पासून धरायला हवी. कोकणातली महाविद्यालयं ज्याला संलग्न आहेत त्या मुंबईच्या विद्यापीठाने तेव्हा श्रेयांक (क्रेडिट) आणि सत्र पद्धत आणली. पहिलं सत्र पावसात आणि गणपतीत आक्रसतं. दुसऱ्याची परीक्षा ऐन हापूसच्या हंगामात. देवगडात आंबा उतरवायला, पेट्या भरायला घरची माणसं लागतात तेव्हाच पेपर. केटी घेऊन, म्हणजे नापास विषय मागे ठेवून, दुसऱ्या वर्षात जाता येई, पण पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्यात प्रवेश नाही. एका पेपरपायी घरी बसलेल्या मुलाचा नोंदणी क्रमांक चालू राहतो, मस्टरवर नाव नसतं. त्या रिकाम्या वर्षात गोव्यातलं हॉटेल नाहीतर मुंबईतली नोकरी त्याला ओढून नेते. २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत निकाल कित्येक आठवडे रखडले, पुढचे प्रवेश अडकले, कुलगुरूंनाही पद गमवावं लागलं. सावंतवाडीपासून विद्यापीठाचं मुख्य कार्यालय पाचशे किलोमीटरच्या आसपास; स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अशा वेळी वर येणारच.

खरा वाद मात्र नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या एका तरतुदीवर आहे. संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५पासून आलं. आता पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं, दुसऱ्यानंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. पदवी एकूण सात वर्षांत पुरी करायची. समर्थक म्हणतात, पूर्वी हात हलवत जाणारा आता निदान कागद घेऊन जाईल. म्हणणं खोटं नाही. पण त्या कागदासाठी चार श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम करावा लागतो, तोही सहसा उन्हाळ्यात, म्हणजे पुन्हा आंब्याच्या दिवसांत. आणि परतीचं काय? अभ्यासक्रम बदललेला असतो, जुने श्रेयांक नव्या विषयांशी जुळवायचे, मुलाच्या ऑनलाइन श्रेयांक खात्यात ते चढलेत का ते बघायचं. हे सगळं ज्या खिडकीवर व्हायचं तिथे शिक्षकेतर भरती रखडलेली. प्रवेश, शिष्यवृत्ती, केटीचे फॉर्म, दाखले सांभाळणारा एकच कारकून गेलेल्या मुलाला फोन कधी करणार? परत आणण्याची जबाबदारी कुणाचीच नसेल, तर ही सोय गळतीला अधिकृत शिक्का मारते. प्रमाणपत्र घेऊन गेलेल्यांची आणि परतलेल्यांची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने वेगळी ठेवली पाहिजे.

मुलींचं गणित आणखी वेगळं. २०२४-२५पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना शुल्कमाफी मिळाली, ती व्यावसायिक अभ्यासक्रमांना. गावातून बीए, बीकॉमला येणाऱ्या मुलीला बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता. कॉलेजात पाऊल ठेवताच तो बंद होतो आणि सवलतीच्या पासाचे पैसे दर महिन्याला घरातून मागावे लागतात.