नैसर्गिक व्यक्तिचित्र (छायाचित्रण)

एखाद्या व्यक्तीचा चेहरा, बसण्याची ढब आणि भाव एरवी जसे असतात तसेच दिसावेत अशा रीतीने घेतलेल्या छायाचित्राला नैसर्गिक व्यक्तिचित्र म्हणतात. नैसर्गिक याचा अर्थ काहीही न ठरवता घेतलेले, असा नाही. अंतर, प्रकाश आणि कॅमेऱ्याची सेटिंग्ज आधीच ठरलेली असतील तरच ऐन वेळी छायाचित्रकाराचे लक्ष समोरच्या माणसावर राहू शकते. बटणांशी चाललेली खटपट दिसू लागली की समोरचा माणूसही अवघडतो.

छायाचित्रणाच्या आरंभी हा सहजपणा जवळजवळ अशक्य होता. १८३९ मध्ये जाहीर झालेल्या डागेरोटाइप या धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याच्या पद्धतीत पत्र्यावर प्रकाश इतका दीर्घ वेळ पडू द्यावा लागे की, बसणाऱ्याचे डोके हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावावा लागे. त्या काळातील चेहरे करारी दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे, कारण हसू तितका वेळ टिकवता येत नाही. १८४० मध्ये गणितज्ञ योझेफ पेट्झव्हाल यांनी सुमारे एफ/३.६ इतके मोठे छिद्र (एफपुढचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे) असलेले भिंग गणिताने सिद्ध केले आणि हा वेळ कित्येक पटींनी घटला. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका या ३५ मिमी फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यामुळे छायाचित्रकार तिपाईपासून मोकळा झाला आणि माणसे आपापल्या कामात असतानाच टिपता येऊ लागली.

चेहऱ्याची ठेवण बिघडते ती बहुधा अंतरामुळे, पण दोष भिंगाला दिला जातो. नाकाच्या टोकापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंमी धरली, तर कॅमेरा नाकापासून ४० सेंमीवर असताना कान ५२ सेंमीवर असतो, म्हणजे कानाच्या तुलनेत नाक सुमारे ३० टक्के मोठे उमटते. तोच कॅमेरा २ मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो. हात लांब करून मोबाइलवर घेतलेल्या छायाचित्रात नाक फुगलेले आणि कान मागे सरकलेले दिसतात ते यामुळेच. आपण माणसाशी बोलताना साधारण दीड-दोन मीटरवरून त्याला पाहतो आणि तेवढ्या अंतरावरून डोके व खांदे चौकटीत भरायला पूर्ण आकाराच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर ८५ ते १०५ मिमी फोकल लेंथचे (आकडा जितका मोठा, तितके दृश्य जवळ आणणारे) भिंग सोयीचे पडते. व्यक्तीबरोबर तिची खोली किंवा कामाची जागाही दाखवायची असेल, तर ३५ किंवा ५० मिमीचे भिंग घ्यावे, मात्र चेहरा चौकटीच्या कडेला नेऊ नये.

अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) पूर्ण उघडले की पार्श्वभूमी धूसर होते, हे खरे असले तरी त्याचा मोह आवरावा. ८५ मिमी भिंगाने दीड मीटरवरून एफ/१.४ वर छायाचित्र घेतल्यास पुढून मागे रेखीव दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंमीचा राहतो. चेहरा थोडा वळलेला असला की एक डोळा रेखीव आणि दुसरा पुसट येतो. एफ/४ वर हाच पट्टा साडेसात सेंमीच्या आसपास जातो आणि दोन्ही डोळे सुरक्षित राहतात. एका व्यक्तीसाठी एफ/२.८ ते एफ/४ आणि मागेपुढे बसलेल्या दोघा-तिघांसाठी एफ/५.६ किंवा एफ/८ हा भरवशाचा आरंभ आहे. फोकस नेहमी कॅमेऱ्याला जवळ असलेल्या डोळ्यावर ठेवावा.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्याही पापण्या आणि ओठ हलत असतात, त्यामुळे शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. बोलत्या माणसासाठी १/२५० आणि खेळत्या मुलांसाठी १/५०० किंवा अधिक लागतो. प्रकाश कमी पडला तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) निःसंकोच वाढवावा. दाणेदार पण स्पष्ट छायाचित्र चालून जाते, हललेले मात्र नंतर सुधारता येत नाही. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (छिद्र आपण ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा), ऑटो आयएसओ आणि किमान शटर वेगाची मर्यादा अशी जोडणी करून ठेवल्यास बदलत्या प्रकाशातही हात मोकळे राहतात.

कॅमेऱ्याचा मीटर (प्रकाश मोजणारी यंत्रणा) समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. म्हणून उजळ भिंतीपुढे चेहरा काळवंडतो, तर गडद पडद्यापुढे तो फटफटीत होतो. पहिल्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सेटिंग) +१ च्या आसपास न्यावे, दुसऱ्या वेळी तेवढेच उणे करावे. त्वचा गोरी असो वा सावळी, तिचा खरा वर्ण राखणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्य आहे आणि मीटर ते आपण होऊन करत नाही. रंगांचेही तसेच आहे: दिवसाचा प्रकाश सुमारे ५५०० केल्विन, तर पिवळ्या दिव्याचा सुमारे २७०० केल्विन असतो (आकडा जितका लहान, तितका प्रकाश पिवळसर). खिडकीजवळ बसलेल्या व्यक्तीच्या दुसऱ्या बाजूला असा दिवा चालू राहिला, तर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा येतो. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची छटा सुधारणारी सेटिंग) दोन्ही एकदम सुधारू शकत नाही. दिवा बंद करणे हाच खरा उपाय.

प्रकाशाचा उगम चेहऱ्याच्या मानाने जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ पडतात. थेट ऊन येत नसलेली मोठी खिडकी म्हणूनच उत्तम. व्यक्तीला खिडकीकडे थोडे वळवून बसवावे, सावलीची बाजू फार गडद वाटल्यास तिकडे पांढरा पुठ्ठा धरावा आणि डोळ्यांत खिडकीचे छोटे प्रतिबिंब चमकते का ते पाहावे. ते नसेल तर डोळे निर्जीव वाटतात. माध्यान्हीच्या उन्हात भुवयांखाली सावल्या साचतात, अशा वेळी झाडाच्या किंवा छताच्या सावलीच्या कडेला यावे.

एवढे जमले तरी ‘हसा’ म्हटल्यावर येणारे हसू ओठांपुरतेच राहते. मनापासूनच्या हास्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, असे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये छायाचित्रांसह मांडले होते. त्यामुळे सूचना देण्यापेक्षा गप्पा माराव्यात, हाताला काही काम द्यावे आणि एक छायाचित्र घेतल्यावर कॅमेरा लगेच खाली आणू नये: ‘झाले’ असे वाटून माणूस श्वास सोडतो, खांदे सैल पडतात, आणि पुष्कळदा हवा असलेला चेहरा त्याच क्षणी दिसतो.

नंतरच्या संस्करणासाठी रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली नोंद) ठेवावी. पुरळ किंवा ओरखडा यांसारखी चार दिवसांत जाणारी खूण पुसायला हरकत नाही. तीळ, व्रण आणि सुरकुत्या त्या व्यक्तीच्या आहेत, त्या तिला विचारल्याशिवाय काढू नयेत. मोबाइलमधील पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी गणनेने धूसर करतो आणि केसांच्या बटा किंवा चष्म्याच्या काड्या यांपाशी चुकतो, म्हणून त्याचा परिणाम कमी ठेवावा आणि त्वचा गुळगुळीत करणारा फिल्टर छायाचित्र घेण्यापूर्वीच बंद करावा.