बांडगूळ: कलमावरून काढायचं कसं, बांधावर ठेवायचं कुठे

नमस्कार,

बाग बघायला आम्ही आलो की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. वर बोट करून म्हणतात, "ते बांडगूळ तेवढं काढून टाका." अलीकडे मात्र वेगळेही फोन येतात. कुणाला फुलपाखरांसाठी बांडगूळ लावायचं असतं, कुणाला काढ्यासाठी पानं हवी असतात, तर कुणाला धनलाभासाठी तिजोरीत ठेवायला आंब्याचा बांदा, म्हणजे आंब्यावरच्या बांडगुळाची फांदी. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. उत्पन्नाच्या कलमावर, म्हणजे आंब्याच्या कलमी झाडावर, बांडगुळाची काडीही ठेवू नका. पण बांधावरच्या जुन्या रायवळावर (बाठीपासून वाढलेल्या आंब्यावर) किंवा करंजावर एखादं बांडगूळ असेल, तर ते राहू द्या.

आधी झाड ओळखा

कोकणात आंब्यावर जे सर्रास दिसतं त्याचं शास्त्रीय नाव डेंड्रोफ्थी फाल्काटा. पानं जाड, चामड्यासारखी आणि कलमाच्या पानांपेक्षा फिकट, राखी झाक असलेली. फुलं नळीसारखी लांबट, जराशी वाकलेली, शेंदरी-गुलाबी, टोकाला हिरवी. लांबून पाहिलं तर हिरव्यागार कलमात एखादा झुबका परका वाटतो, तोच हा.

फांदीवर वाढणारं प्रत्येक झाड बांडगूळ नसतं. हे आम्ही ठळक सांगतो, कारण सफाईच्या नावाखाली गडी फांदीवरची आमरीसुद्धा (ऑर्किड) खरवडून टाकतात. पावसाच्या तोंडावर जांभळट-पांढरे तुरे सोडणारी सीतेची वेणी किंवा ढोलीपाशी रुजलेलं बाशिंग नावाचं नेचं झाडाकडून फक्त बसायला जागा घेतात. त्यांची मुळं सालीच्या वरच राहतात, कलमाचं पाणी पीत नाहीत. पिवळ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं तर ती अमरवेल. तीही परजीवी आहे, पण तिची गोष्ट वेगळी.

खूण सोपी आहे. झुबका फांदीला जिथे चिकटला आहे तिथे बघा. बांडगूळ असेल तर त्या जागी फांदीला गाठ आलेली असते, आणि गाठीच्या पुढची फांदी पुष्कळदा वाळत चाललेली असते.

ते जगतं कसं

बांडगुळाची पानं हिरवी असतात, म्हणजे अन्न ते स्वतः तयार करतं. पाणी आणि क्षार मात्र कलमाचे. त्याची मुळं मातीऐवजी थेट फांदीच्या लाकडात घुसतात आणि कलमाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांना जाऊन जुळतात. उन्हाळ्यात जमीन तापली की कलम पानांची छिद्रं आवळून पाणी वाचवतं. बांडगूळ तितकी काटकसर करत नाही, ते पाणी ओढतच राहतं. फळं पोसण्याचे आणि पाणी तुटपुंजं असण्याचे दिवस कोकणात एकच, त्यामुळे नुकसान नेमकं तेव्हा जाणवतं. शेंडा वाळतो, फळ लहान राहतं.

पसरवायचं काम पक्षी करतात. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनी कोकणातल्या याच बांडगुळावर १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं होतं. शिंजीर मधासाठी फुलांवर येतो आणि परागीकरण करतो. फळं खातो फुलटोचा. जेमतेम आठ सेंटिमीटरचा हा पक्षी पिकलेलं फळ गिळतो, आणि काही मिनिटांतच बी बाहेर पडते. ती इतकी चिकट असते की सहज सुटत नाही. मग तो फांदीवर बूड घासतो, आणि बी तिथेच डकवली जाते.

आमच्याकडे आलात तर एक फळ चिमटीत दाबून दाखवू. साल निघाली की आतली बी बोटाला चिकटते, आणि दुसऱ्या बोटाने ओढली की मधे पारदर्शक तार येते, गुळाच्या पाकासारखी. ती तार बघितली की हे झुबके एका कलमावरून शेजारच्या कलमावर कसे जातात ते कळतं.

कलमावरून काढताना

नुसता झुबका ओढून किंवा कोयत्याने छाटून उपयोग नाही. सुरुवातीला आम्हीही तेच केलं. एका बागेतले झुबके हाताने ओढून काढले, बाग स्वच्छ दिसली, मालक खूश झाले. दोन पावसाळ्यांनंतर त्याच गाठींतून परत पालवी फुटली, आणि सगळं काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केलं. बांडगुळाचा लाकडात शिरलेला भाग जिवंत राहतो, आणि सालीवरून पुढे सरकलेली मुळं आणखी ठिकाणी आत घुसतात.

म्हणून कापायचं ते फांदीसकट, गाठीच्या खाली, म्हणजे खोडाच्या बाजूला. दीड ते दोन वीत अंतर सोडून निरोगी लाकडात करवत लावा. आधी फांदीच्या खालच्या अंगाने थोडी चीर द्या आणि मग वरून कापा. तशी चीर दिली नाही तर फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि साल खोडापर्यंत सोलत जाते. ती जखम बांडगुळापेक्षा वाईट.

कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट लावायचीच. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवा, आणि मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं घ्या, लोखंडी किंवा तांब्याचं नको. तयार झाल्यावर स्वच्छ कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, चुन्याची थोडी निवळी आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

वेळ दोनदा मिळते. एक आंबा उतरल्यावर, पाऊस लागायच्या आधी. दुसरी पाऊस ओसरल्यावर, फांद्यांवरचं शेवाळ सुकलं की. भर पावसात आम्ही कुणालाही झाडावर चढवत नाही, कितीही घाई असली तरी. बांडगुळाला फळं पिकायच्या आत काम झालं पाहिजे. पिकलेली फळं असलेला झुबका खाली टाकून ठेवला तर पक्षी तिथूनही खातात. असा झुबका पुरा किंवा जाळा. फळं नसतील तर पाला शेळ्यांना घाला, त्या आवडीने खातात.

बांडगूळ थेट खोडावर किंवा मुख्य फांदीवर असेल तर मात्र फांदी कापता येत नाही. तिथे गाठ तासून पेस्ट लावायची आणि फुटवा आला की दर वर्षी खुडायचा. चिवट काम आहे, पण कलम वाचतं. तणनाशक टोचण्याची मागणी आम्ही घेत नाही. बांडगुळाच्या आणि कलमाच्या नळ्या जोडलेल्या असतात, आणि ती जोखीम तुमच्या हापूसवर घ्यायची आमची तयारी नाही.

मुद्दाम लावायचं असेल तर

हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू तुम्ही पाहिलं असेल. मिटलेल्या पंखांवर पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके. त्याच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवर वाढतात. मादी पानाच्या मागच्या बाजूला पिवळी अंडी ओळीने घालते, आणि अळ्या बाहेर आल्या की घोळक्याने एकाच पानावर खात बसतात. परिसरातली सगळी बांडगुळं काढली तर हे फुलपाखरू, शिंजीर आणि फुलटोचा या तिघांचंही दाणापाणी कमी होतं. बांधावरच्या बांडगुळाला हात लावू नका म्हणतो ते यासाठी.

बांधावर नसेल आणि लावायचं असेल तर पिशवीतलं रोप मागू नका. ते कुणीच देऊ शकत नाही, कारण हे मातीत जगत नाही. बी तारेवर, दगडावर, कुठेही अंकुरते, पण जिवंत फांदीत शिरता आलं नाही तर वाळून जाते. बी साठवूनही ठेवता येत नाही.

पिकलेलं ताजं फळ घ्या, साल काढा, आणि चिकट बी करंगळीएवढ्या जाडीच्या, कोवळ्या सालीच्या फांदीवर नुसती दाबा. ऊन लागेल अशी जागा बघा. पाणी घालावं लागत नाही. काही दिवसांत बीमधून हिरवा कोंब वाकून येतो आणि त्याचं टोक चकतीसारखं फांदीला टेकतं. त्यानंतर बरेच महिने काहीच होत नाहीसं वाटेल. उकरून बघू नका. आमचा अनुभव असा, की ज्या जातीच्या झाडावरचं फळ, त्याच जातीच्या झाडावर ते लवकर धरतं. पाच-सहा बिया लावा, एखादी धरेल.

झाड निवडताना दोन गोष्टी बघा. ते मोठं, धडधाकट आणि उत्पन्नाचं नसलेलं हवं. आणि गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, शेजाऱ्याची कलमं असतील तर हा बेत सोडा. फुलटोचा गडगा ओळखत नाही. चिकू, पेरू, डाळिंब यांच्यावरही बांडगूळ धरतं, हेही लक्षात असू द्या.

औषध आणि बांदा

आयुर्वेदात बांडगुळाला वंदाक, वृक्षादनी अशी नावं आहेत. सुश्रुतसंहितेतल्या वीरतर्वादि गणात वृक्षादनी येते, आणि हा गण मूतखडा, लघवीच्या तक्रारी यांसाठी सांगितला आहे. परंपरा खरी आहे. तरीही आम्ही पानं विकत नाही, आणि त्याचं कारण नीट वाचा.

बांडगूळ ज्या झाडावर वाढतं त्या झाडाची रसायनं त्याच्यात उतरू शकतात. कण्हेरीवर वाढलेल्या बांडगुळात कण्हेरीतली हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं सापडली आहेत. काजऱ्यासारख्या विषारी झाडावरचं बांडगूळ म्हणूनच पोटात जाता कामा नये. सुकलेला पाला हातात आला की तो कुठल्या झाडावरचा, हे कुणालाही सांगता येत नाही. औषध घ्यायचंच असेल तर जाणत्या वैद्यांना विचारा आणि यजमान झाड कोणतं ते त्यांना दाखवा. गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी मनाने काहीच घेऊ नये.

बांडगुळाने कर्करोग बरा होतो, अशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेसेजबद्दलही अनेक जण विचारतात. युरोपात ज्या मिसलटोची, म्हणजे तिकडच्या बांडगुळाची, इंजेक्शनं देतात ते विस्कम अल्बम. ते वेगळ्या कुळातलं झाड आहे, आपल्या आंब्यावरचं नव्हे. उपचार चालू असलेल्या माणसाला आंब्यावरच्या बांडगुळाचा काढा देऊ नका.

अमुक नक्षत्रावर काढलेला बांदा धनलाभासाठी आम्ही देत नाही. कुणाच्या श्रद्धेबद्दल आम्हाला काही म्हणायचं नाही, पण ज्याची खात्री देता येत नाही त्याचे पैसे घेणं आम्हाला जमणार नाही. कलमावरून काढलेली फांदी तुमचीच असते. हवी असेल तर कामाच्या दिवशी मागून घ्या.

आम्हाला बोलावण्याआधी

गाठ दिसेल असा जवळचा एक फोटो आणि पूर्ण कलमाचा एक फोटो पाठवा. कलमाचं साधारण वय सांगा. बाग तुम्ही करारावर दिली असेल तर करारदाराला आधी कल्पना द्या, म्हणजे मोहोर यायच्या फांद्या कापण्यावरून पुढे वाद होत नाही. मुंबई-पुण्याहून बोलावणाऱ्यांनी त्या दिवशी घरचं एक माणूस बागेत ठेवावं. प्रत्येक फांदी कापण्याआधी आम्ही ती त्याला खालून दाखवतो आणि मगच करवत लावतो.