खुलासा : कॅलिफोर्नियात झिनफँडेल द्राक्ष कोणी आणलं?

ऑगोश्टन हारास्ती या हंगेरियन माणसाने झिनफँडेलची रोपं मायदेशातून कॅलिफोर्नियात आणली, ही गोष्ट शंभर वर्षांहून जास्त काळ सांगितली जाते. ती खरी नाही.

मुळात ती पसरवली त्याच्या मुलाने, अर्पादने, आणि तीही 1880 च्या दशकात, वडिलांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. हारास्ती 1861 मध्ये युरोपभर फिरला आणि तिथून द्राक्षाच्या शेकडो वाणांच्या काड्या घेऊन आला, हे खरं. पण झिनफँडेल त्याआधीच कॅलिफोर्नियात पोहोचलं होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे रोपवाटिकावाले 1830 च्या सुमारास हे द्राक्ष विकत होते, आणि तिथूनच 1850 च्या दशकात ते पश्चिमेला आलं. पुढे 2001 मध्ये डीएनए तपासणीतून या वाणाचं मूळही सापडलं. ते निघालं क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं, हंगेरीतलं नव्हे.

हारास्तीला सरसकट ‘कॅलिफोर्निया वाइनचा जनक’ म्हणणंही मला पटत नाही. त्याच्या कितीतरी आधी तिथल्या स्पॅनिश ख्रिस्ती मिशनमधले पाद्री वाइन करत होते, आणि 1830 च्या दशकात लॉस एंजेलिसला जाँ-लुई विन्य या फ्रेंच माणसाने युरोपीय वेली लावल्या होत्या. त्यांचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

हारास्तीचं स्वतःचं काम काही लहान नाही. 1857 मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या सोनोमात ब्वेना व्हिस्टा वायनरी सुरू केली. डोंगरउतारावर, पाटपाण्याशिवाय द्राक्ष चांगलं येतं हे त्याने करून दाखवलं आणि 1862 मध्ये द्राक्षशेतीवर पुस्तकही लिहिलं.