सर्व्हरच्या कोडला बंडलर कशाला?

‘बंडलर ब्राउझरसाठी असतो, सर्व्हरवर त्याचं काय काम?’ हे हिंजवडीतल्या कुठल्याही कॅन्टीनमध्ये चहाबरोबर ऐकायला मिळतं. बंडलर म्हणजे प्रोग्रामच्या अनेक फाइली एकत्र बांधणारं साधन, त्यामुळे हे वरवर पटतंही. ब्राउझरला फाइली नेटवरून ओढाव्या लागतात, नोडला, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला, त्या डिस्कवरच मिळतात. पण ॲमेझॉनच्या लॅम्डासारख्या, गरजेपुरताच कोड चालवणाऱ्या सेवेत प्रोग्राम वरचेवर नव्याने उभा राहतो आणि शेकडो फाइली शोधून उघडण्यातच वेळ जातो. ईएसबिल्ड किंवा वेबपॅकसारखे बंडलर त्यांची एकच फाइल करून देतात.

खरी गंमत पुढे आहे. 2009 साली नोड आला तेव्हा जावास्क्रिप्टला स्वतःची मॉड्यूल पद्धतच (कोडचे सुटे तुकडे करून एकमेकांत वापरण्याची रीत) नव्हती, म्हणून त्याने कॉमनजेएस ही पद्धत उचलली. त्यातलं ‘रिक्वायर’ हे साधं फंक्शन. ती ओळ आली की फाइल तिथल्या तिथे चालते आणि उत्तर हातात पडतं. 2015 च्या जावास्क्रिप्ट मानकातल्या ‘इम्पोर्ट’ची रीत वेगळी. इंजिन आधी फाइल नुसती वाचतं, कोणाकडून काय हवं ते टिपतं, ती मॉड्यूल्स आणून नावं एकमेकांना जोडतं आणि मगच कोड चालवतं. रिक्वायर म्हणजे वाण्याकडे उभं राहून एकेक जिन्नस मागणं, इम्पोर्ट म्हणजे आधीच यादी देणं. यादी हाताशी असल्यामुळेच बंडलरला न लागणारी फंक्शन्स गाळता येतात. शिवाय जोडलेलं नाव म्हणजे प्रत नव्हे: मूळ मॉड्यूलने काउंटर वाढवला की इम्पोर्ट करणाऱ्यालाही नवा आकडा दिसतो.

इम्पोर्टवाल्या मॉड्यूलमध्ये सगळ्यात वरच्या पातळीवर ‘अवेट’ (उत्तर येईपर्यंत थांब) लिहिता येतं. रिक्वायरला मात्र उत्तर आत्ताच हवं, थांबणं त्याला जमत नाही. म्हणून नोड अशी मॉड्यूल्स रिक्वायर करू देत नसे. 22.12 या आवृत्तीपासून वेगळा फ्लॅग न लावताही देतो, पण तसलं अवेट असेल तर एरर ठरलेलीच. बंडलर दोन्ही पद्धती एका साच्यात आणतो. तरी कॉमनजेएस पॅकेजचं (तयार कोडच्या गठ्ठ्याचं) ‘डिफॉल्ट’, म्हणजे मुख्य म्हणून इम्पोर्ट होणारी गोष्ट, हे अख्खं ऑब्जेक्ट की त्यातली त्या नावाची प्रॉपर्टी, यावर भांडण होतंच.

अडलं की इन्स्टॉल केलेली पॅकेजेस असलेलं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उडवून पुन्हा इन्स्टॉल करायचं, हा आपल्याकडचा लाडका उतारा. खंडेनवमीला लॅपटॉपला हार खुशाल घाला, पण एरर वाचा! पॅकेज कुठल्या पद्धतीचं, हे बहुतेकदा त्याच्या पॅकेज डॉट जेसन या माहितीच्या फाइलीतल्या ‘टाइप’ आणि ‘एक्सपोर्ट्स’वरून कळतं.

बीक्रिप्ट, शार्पसारखी सी प्लस प्लसमधून कंपाइल झालेली पॅकेजेस मात्र बंडलमध्ये कोंबू नयेत, एक्सटर्नल, म्हणजे बंडलबाहेर, ठेवावीत. आणि ‘डिरनेम’ (चालू फाइलीच्या फोल्डरचा पत्ता) धरून पावतीचा टेम्पलेट वाचत असाल, तर बंडल केल्यावर तो पत्ता बंडलच्या फोल्डरचा होतो. टेम्पलेटही तिथे कॉपी करावा लागतो.