सिझरच्या दिवशी सकाळी बीपीची गोळी घ्यायची की नाही?

"उद्या सिझर आहे, रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही म्हणून सांगितलंय, मग बीपीची गोळीपण नको ना?" हा प्रश्न किती घरांत पडतो, आणि त्याचं उत्तरही घरच्या घरीच मिळतं, "उपाशीपोटी गोळी कशाला, राहू दे आज." ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. गरोदरपणात बीपीला शक्यतो लॅबेटॅलॉल, निफेडिपिन नाहीतर मिथाइलडोपा देतात आणि या गोळ्या ऑपरेशनच्या सकाळीही नेहमीच्या वेळेला घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. उपाशी ठेवतात ते भूल देताना पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून. हलकं खाणं ६ तास आधी बंद, पण साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं, त्यामुळे गोळीपुरत्या घोटानं काही बिघडत नाही.

दुसरी शंका जास्त विचार करून काढलेली असते. पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं की बीपी पडतंच, मग गोळीनं अजून कशाला पाडायचं? हे मला फार आवडतं म्हणून सविस्तर सांगते.

कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून जेमतेम २ मिली बुपिवाकेन हे भुलीचं औषध पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात. त्यात साखर मिसळलेली असते, त्यामुळे ते त्या पाण्यापेक्षा जड होतं आणि टेबल ज्या बाजूला कलेल तिकडे सरकतं. सिझरला बधिरपणा पार छातीपर्यंत चढावा लागतो, कारण पोटातलं आवरण ओढलं की कळ तिथपर्यंत जाते. पण त्याच वाटेनं सिंपथेटिक नसाही बाहेर पडतात, ज्या रक्तवाहिन्यांना सतत आवळून धरायचा हुकूम देत असतात, आणि त्या बारीक असल्यानं आधीच बंद पडतात. हुकूम थांबला की पायातल्या आणि पोटातल्या वाहिन्या सैल होतात, रक्त खालच्या शिरांमध्येच साठून राहतं, हृदयाकडे कमी परततं आणि काही मिनिटांत बीपी घसरतं. त्यात उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो, म्हणून बाईला थोडं डावीकडे कलतं ठेवतात आणि फिनाइलेफ्रिनसारखं औषध शिरेतून देऊन बीपी धरून ठेवतात. इतकी धडपड बाळासाठीसुद्धा असते, कारण नवव्या महिन्यात गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जातं आणि आईचं प्रेशर पडलं तर तिथल्या वाहिन्यांना ते स्वतःहून सावरता येत नाही.

आता खरी गोष्ट. प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणातच बीपी चढायच्या आजारात, वाहिन्या आवळलेल्या असतात त्या नुसत्या नसांच्या हुकमानं नाही, वारेतून रक्तात आलेले पदार्थही त्यांना आवळत असतात. सुई नसांना थांबवते, त्या पदार्थांना नाही, म्हणून अशा बायकांचं बीपी पाठीतल्या इंजेक्शननंतर निरोगी बायकांपेक्षा बहुधा कमीच पडतं. शिवाय सुई मिळते ती थेटरात, त्याआधीचे तास वाट बघण्यात आणि भीतीत जातात, आणि बीपी १६०/११० च्या वर गेलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. ते तास गोळीनंच सांभाळायचे.

हृदयाचा त्रास असेल तर मेटोप्रोलॉलसारखी ठोके हळू ठेवणारी गोळी अचानक सोडणं अजून वाईट. ती चालू असताना पेशी अ‍ॅड्रेनालिनसाठी जास्तीचे रिसेप्टर (त्याचा संदेश पकडायच्या जागा) तयार करून बसलेल्या असतात, गोळी थांबली की ठोके सुसाट धावतात. लहानपणीच्या संधिवाताच्या तापानं ज्यांची मायट्रल झडप अरुंद झालीये त्यांच्या हृदयाला मग भरायला वेळच मिळत नाही आणि रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनच्या इंजेक्शनचं मात्र उलट आहे, ते डोसप्रमाणे १२ किंवा २४ तास आधी थांबवावं लागतं, नाहीतर सुईच्या जागी रक्त साचू शकतं. म्हणून सगळ्या औषधांची यादी आदल्या दिवशीच भूलतज्ज्ञांना दाखवा आणि कुठलं घ्यायचं ते त्यांच्याकडूनच ऐका.

आणि मुहूर्तासाठी सिझर पुढे ढकलायला लावणाऱ्यांना हात जोडून विनंती, बीपीच्या बाईला पत्रिकेपायी जास्तीचे तास उपाशी ठेवू नका, ग्रहांचा तिच्या रक्तवाहिन्यांशी काही संबंध नाही.

बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव आटोक्यात ठेवायला मेथरजिन देतात, ते बीपी चढवतं, म्हणून बीपी आहे हे थेटरमधल्या सगळ्यांना माहीत पाहिजे. घरी आल्यावरही गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी परत चढतं, आणि लॅबेटॅलॉल, निफेडिपिन दोन्ही अंगावर पाजताना चालतात.