खोक्यावरचे दीडशे पीएसआय, टायरमधले तेहतीस

कॉर्डलेस टायर इन्फ्लेटर म्हणजे टायरमध्ये हवा भरणारं, बॅटरीवर चालणारं हातातलं यंत्र. त्याच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत एकच आकडा असतो, १५० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला दीडशे पौंड दाब. घेणारा त्याकडे बघूनच खूश होतो. पण आपल्याकडच्या लहान गाड्यांना साधारण तीस ते पस्तीस पीएसआय लागतात. नेमका आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो आणि तो फारच थोडे लोक वाचतात. गाडीच्या टायरमध्ये दीडशे कोणी भरत नाही, भरूही नये. मग या १५० चा अर्थ काय? हवेची बाहेरची वाट बंद केली तर आतला दट्ट्या जास्तीत जास्त एवढा दाब तयार करू शकतो, इतकाच. त्या दाबाला पोचेपर्यंत हवेचा प्रवाह जवळपास थांबलेला असतो. म्हणजे चार टायर भरायला किती वेळ लागेल याबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

वेग कळायचा तर लिटर मोजायला हवेत. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय असतो. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमातून हिशेब सरळ निघतो: टायरच्या आतल्या पोकळीएवढी बाहेरची मोकळी हवा आत कोंबली की दाब १४.७ पीएसआयने वाढतो. १६५/८० आर १४ हा लहान गाड्यांवर सर्रास दिसणारा टायर घ्या. त्यात अंदाजे २५ लिटर जागा असते. म्हणजे एक पीएसआय वाढवायला १.७ लिटर हवा. महिना-दोन महिने दुर्लक्ष झालेला टायर २५ वरून ३३ वर न्यायचा तर साडेतेरा लिटर. पूर्ण बसलेला टायर शून्यापासून ३३ पर्यंत न्यायचा तर ५६ लिटर. मोठ्या एसयूव्हीच्या टायरमध्ये ३५ ते ४० लिटर जागा असते, त्यामुळे तेच यंत्र तिथे दीडपट वेळ घेतं. स्कूटरच्या टायरची पोकळी सहा लिटरांच्या आसपास, म्हणून तिथे कुठलंही यंत्र चपळ वाटतं. इंटरनेटवर 'अवघ्या वीस सेकंदांत' म्हणणारा व्हिडिओ दिसला तर आधी टायर कशाचा आहे ते बघावं.

हा हिशेब उलटाही करता येतो, आणि मला तो खोक्यावरच्या दाव्यांपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो. टायरचे लिटर गुणिले वाढलेले पीएसआय, भागिले १४.७, भागिले लागलेली मिनिटं. २५ लिटरच्या टायरला आठ पीएसआय चढायला ७० सेकंद लागले, तर यंत्र मिनिटाला ११.७ लिटर हवा देतंय. खोक्यावर कदाचित वीस किंवा तीस लिटर लिहिलेले असतील. ते सरळ खोटं असेलच असं नाही; नळीचं तोंड मोकळं ठेवून, समोर काहीच दाब नसताना मोजलेला आकडा तसाच येतो. दोन यंत्रांची नुसती तुलना करायची असेल तर आकारमानाचीही गरज नाही. तोच टायर, तीच सुरुवात, तोच शेवट आणि हातात मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. फक्त चारही टायरांची वेळ टिपावी, कारण बॅटरी उतरली की मोटर मंदावते. बरीच यंत्रं पहिल्या टायरला हुशार असतात आणि चौथ्याला रडतात.

दाब वाढला की प्रवाह का घटतो, याचं कारण सिलिंडरच्या टोकाशी आहे. दट्ट्या वर पूर्ण पोचला तरी त्याच्यात आणि झडपेत थोडी फट उरतेच. त्या फटीत दाबलेली हवा अडकून राहते. दट्ट्या खाली येऊ लागला की आधी हीच हवा फुगते, आणि ती फुगून संपेपर्यंत बाहेरची ताजी हवा आत येऊ शकत नाही. ही फट दट्ट्याच्या फेरीतल्या आकारमानाच्या दहा टक्के आहे असं धरलं, तर ३३ पीएसआयला प्रत्येक फेरीतला सुमारे १५ टक्के भाग वाया जातो आणि १२० पीएसआयला सुमारे ४५ टक्के. त्यात वॉशरच्या कडेने होणारी गळती आणि मोटरवर वाढणारा भार धरलेलाच नाही. गाडीवाल्याला हे फारसं जाणवणार नाही. रोड बाइकच्या, म्हणजे शर्यतीच्या सायकलच्या, अरुंद टायरमध्ये शंभर पीएसआय भरणाऱ्याला मात्र शेवटचे वीस कसे रेंगाळतात ते चांगलंच माहीत असतं. त्याचा टायर जेमतेम एक लिटरचा असतो, म्हणून निभतं.

हवा दाबली की तापते. तीस अंशांची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता ३३ पीएसआयपर्यंत दाबली तर गणिताने ती दीडशे अंश सेल्सिअसच्या जवळ जाते. १५० पीएसआयला हा आकडा सव्वातीनशेच्या घरात पोचतो. प्रत्यक्षात सिलिंडरचा धातू बरीच उष्णता शोषून घेतो आणि तोच धातू आपल्या हाताला चटका देतो. काम झाल्यावर नळीच्या पितळी टोकाला बोट लावून पाहिलेल्यांना हे सांगायला नको. म्हणूनच ही यंत्रं ठरावीक मिनिटं चालवून थांबवायची असतात, आणि ती मिनिटं माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेली असतात. पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर यापेक्षा पटकन भरतो, कारण त्याच्या टाकीत हवा आधीच दाबून ठेवलेली असते. हातातल्या यंत्राला टाकी नाही. ते प्रत्येक लिटर तिथल्या तिथे दाबतं. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटला असेल, तर हे छोटं यंत्र कितीही वेळ चालवलं तरी तो परत बसत नाही. जेवढी हवा आत जाते, तेवढीच कडेने निघून जाते. तिथे पंक्चरवाल्याची मोठी टाकीच लागते.

आता आवाज. तो येतोच, कारण सिलिंडर चिमुकला आहे. १९ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर फेरीचा दट्ट्या एका वेळी साडेतीन घन सेंटिमीटरही हवा ढकलत नाही. मिनिटाला बारा-पंधरा लिटर द्यायचे तर त्याला मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरीला हवेचा एक झटका, झडपेची एक थाप, शिवाय गिअरची किरकिर. सिलिंडर मोठा केला की फेऱ्या कमी होतात आणि आवाज खालच्या पट्टीत येतो, पण यंत्र जड होतं. वजन, वेग आणि शांतता ही तिन्ही एका यंत्रात मिळत नाहीत, आणि 'सायलेंट' असं छापलेल्या यंत्राकडूनही मी त्याची अपेक्षा ठेवत नाही.

डेसिबलचे आकडे वाचताना दोन गोष्टी लागतात. पहिली, अंतर. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की साधारण सहा डेसिबल वाढतात. म्हणजे एका मीटरवरचे ७५ आणि अर्ध्या मीटरवरचे ८१ हा एकच आवाज. अंतर न सांगता छापलेला डेसिबलचा आकडा निरुपयोगी आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८० डेसिबलचं यंत्र एका मिनिटात काम संपवत असेल आणि ७७ वालं दोन मिनिटं घेत असेल, तर शेजाऱ्यापर्यंत पोचणारी एकूण ऊर्जा सारखीच. यात मी तरी पहिलं घेईन. गंमत म्हणजे एका मीटरवर ८० डेसिबल वाजणाऱ्या यंत्रातून ध्वनीच्या रूपात बाहेर पडणारी शक्ती फक्त एखादा मिलिवॅट असते, आणि मोटर मात्र शंभरेक वॅट खात असते. आपला कान इतका तिखट आहे. भारतातल्या २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती परिसरातल्या एकूण आवाजाची आहे, एखाद्या यंत्राची नव्हे. तरी पहाटे साडेपाचला सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये हे सुरू केलं तर काय होईल याचा अंदाज त्यावरून येतो. यंत्र फरशीवर न ठेवता गाडीतल्या मॅटवर ठेवलं की फरशीत जाणारी थरथर कमी होते. फुकटात मिळणारी तेवढीच शांतता.

बॅटरीच्या आकड्यात आणखी एक चलाखी असते. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचे तीन सेल एकामागे एक जोडले की ११.१ व्होल्टची बॅटरी तयार होते, पण तिची क्षमता दोन हजारच राहते. खोक्यावर मात्र बेरीज करून सहा हजार लिहिता येतात. विचारायचा आकडा वॅट-तासांचा, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. या बॅटरीत २२ वॅट-तास आहेत, कशीही मोजली तरी. मोटर शंभर वॅट खाते असं धरलं, तर २५ वरून ३३ वर जाण्याच्या ७० सेकंदांत दोनेक वॅट-तास जातात. चार टायरांना आठ. पूर्ण बसलेल्या एका टायरला पाच मिनिटं आणि आठ वॅट-तास. म्हणजे एका चार्जिंगमध्ये अडीच बसलेले टायर किंवा दहा-अकरा टायरांना नेहमीची भर. हवा दाबण्याचं खरं काम यातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्यात होतं. बाकीचं बहुतेक सगळं उष्णतेत जातं.

पैशांच्या दृष्टीने बघायचं तर १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये वायर खोचून चालणारं साधं यंत्र अजूनही सरस आहे. ते हजार-दीड हजारापासून मिळतं, गाडीच्या सॉकेटमधून दीडशे वॅटपर्यंत ओढू शकतं आणि त्याला चार्ज करायची आठवण ठेवावी लागत नाही. हातात मावणाऱ्या कॉर्डलेसला साधारण दोन ते चार हजार मोजावे लागतात, आणि जास्तीचे पैसे सोयीचे असतात, वेगाचे नव्हेत. ज्यांच्याकडे ड्रिलच्या १८-२० व्होल्टच्या बॅटऱ्या आधीच आहेत, त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे, त्याच बॅटरीवर चालणारा इन्फ्लेटर. डीवॉल्ट या हत्यारांच्या कंपनीचं एक यंत्र तर हत्यारांची बॅटरी, गाडीचं सॉकेट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालतं. पण नुसत्या टायरसाठी बॅटरी-चार्जरसकट तो संसार मांडणं परवडत नाही. संकटात उपयोगी पडावं म्हणून डिकीत ठेवायचं असेल तर मी वायरवालंच सुचवेन. लिथियमच्या सेलना उन्हात तापलेली गाडी मानवत नाही, आणि चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात डॅशबोर्ड सत्तर अंशांपलीकडे सहज जातो. शिवाय सहा महिने विसरलेली बॅटरी नेमकी घाटात उतरलेली निघते. २०२० पासून टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा आहे. तशा गाडीत हे यंत्र चैनीची वस्तू राहत नाही.

मग कॉर्डलेस घ्यायचंच कशाला, पंपावर तर हवा फुकट मिळते? त्याचं उत्तर सोयीपेक्षा तापमानात आहे. कंपनीने दिलेला दाब थंड टायरसाठी असतो. ३३ पीएसआयच्या आसपास तापमान सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. पंपापर्यंत चार-पाच किलोमीटर गाडी चालवली की टायर तापतो, काटा दोन-तीन जास्त दाखवतो, आणि तिथे ३३ वर थांबलेला टायर रात्री थंड झाल्यावर तिशीला येतो. घरी, सकाळी, गाडी हलवायच्या आधी भरलेली हवाच खरी. नागपूरला समृद्धीने निघताना 'उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच मारा' असं सांगणारे जाणते पुष्कळ भेटतात. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त वाकते, जास्त तापते आणि टायर फुटण्याचा धोका उलट वाढतो. वेगाने आणि उन्हाने वाढणारे तीन-चार पीएसआय कंपनीने हिशेबात धरलेले असतात.

हे सगळं यंत्र दाब किती बरोबर मोजतं यावर अवलंबून, आणि मोटर चालू असताना पडद्यावर दिसणारा दाब नळीतला असतो, टायरमधला नाही. प्रवाहाला अडथळा असल्यामुळे नळीतला दाब थोडा जास्त असतो. म्हणून यंत्र थांबल्यावर काही सेकंद जाऊ द्यावेत आणि मग आकडा वाचावा. एकदा वेगळ्या गेजशी ताडून बघावा. आट्यांचं टोक सोडवताना थोडी हवा फुस्सकन जातेच. २५ लिटरच्या टायरला त्याचं काही वाटत नाही, एक लिटरच्या सायकलच्या टायरला वाटतं.

सायकलवाल्यांसाठी एक अडचण वेगळीच. गिअरच्या बऱ्याच सायकलींना मोटारीसारखा व्हॉल्व्ह असतो आणि यंत्राचं टोक थेट बसतं. आपल्या साध्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हमध्ये मात्र रबरी वॉलट्यूब असते. ती हवा आत जाऊ देते, परत येऊ देत नाही. अडॅप्टर लावून हवा भरता येते, पण आतला दाब यंत्राला कळायला वाटच नसते. रबर ढकलायला लागणारा जास्तीचा दाबही पडद्यावर दिसतो, यंत्र लवकर थांबतं आणि टायर मऊच राहतो. तिथे अंगठ्याने दाबून बघायची जुनी रीत डिजिटल पडद्यापेक्षा बरी.